पाऊस अंदाज ऐकत नाही, बाजार ऐकतो

पिकाचा हिशेब : साप्ताहिक स्तंभ

संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे हिरवी असतानाच मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या बगीच्यांत व्यापारी फिरू लागतात. ओळीओळीने चालायचे, झाडाखाली थांबून वर बघायचे आणि एक आकडा बोलायचा. ईसार, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात पडला की बगीचा उक्ता गेला. तोडणी पुढे दिवाळीच्या आगेमागे, आणि तोवर भाव कुठे का जाईना. या सौद्यापाशी शेतकऱ्याचा प्रश्न दरवर्षी तोच असतो: पुढे भाव काय राहील? आता याचे उत्तर यंत्र देईल असे सांगणारे निघाले आहेत. मंडीचे जुने भाव, आवक, पाऊस हे सारे संगणकाला शिकवायचे आणि पुढचा भाव मोबाइलवर धाडायचा.

माझ्या मते ही मागणीच चुकीच्या दारात उभी आहे. यंत्र उद्या कितीही तरबेज झाले तरी.

समजा, ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर आले की डिसेंबरात संत्रा चढा राहील. पांढुर्ण्याचा बागायतदार तोडणी लांबवील. तेच वरुडचा करील, काटोलचाही करील. डिसेंबरात सगळा माल एकदम नागपूरच्या कळमना बाजारात उतरेल आणि भाव कोसळेल. अंदाज बरोबर होता. तो सगळ्यांना सांगितला, म्हणून खोटा ठरला.

अर्थशास्त्राला हे दुखणे जुने आहे. मॉर्डेकाय इझिकिएल यांनी 1938 मध्ये त्याची मांडणी केली: यंदाचा भाव पाहून सगळे लागवड करतात, मग माल वाढतो, भाव पडतो, लोक लागवड तोडतात आणि भाव पुन्हा चढतो. संत्र्यात हा फेरा आणखी लांबतो, कारण कलम लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षे जातात. 1961 मध्ये जॉन म्यूथ म्हणाले, शेतकऱ्याला एवढा भाबडा समजू नका, हाती येईल ती सगळी माहिती वापरून तो पुढचा अदमास बांधतो. 1976 मध्ये रॉबर्ट लुकास यांनी धोरण आखणाऱ्यांना बजावले की जुन्या आकड्यांतून काढलेले सूत्र नवे धोरण येताच निकामी होऊ शकते, कारण धोरण बघून माणसे वागणे बदलतात.

यंत्राला शिकवणाऱ्या संशोधकांचे गृहीतक मात्र बराच काळ असे होते की कालचे जग आणि उद्याचे जग एकाच साच्यातले. 2020 मध्ये हुआन पेर्दोमो, टियाना झर्निच, सेलेस्टीन मेंडलर-ड्युनर आणि मॉरिट्झ हार्ट या चौघांनी हा साचा मोडला. अंदाज जाहीर झाल्याने ज्याचा अंदाज केला तेच बदलत असेल, तर यंत्राला काय शिकवायचे आणि ते कुठे जाऊन स्थिरावेल, याचे गणित त्यांनी मांडले. जुनी आर्थिक शंका आता संगणकशास्त्राचा रीतसर विषय झाली.

हे पुस्तकी वाटत असेल तर आपल्याच राज्यात बघा. मध्य प्रदेश सरकारने 16 ऑक्टोबर 2017 पासून भावांतर भुगतान योजना सुरू केली. त्यात सोयाबीन होते, उडीद होता आणि आपला पांढुर्णा तेव्हा ज्यात होता त्या छिंदवाडा जिल्ह्याचा मकाही होता. मंड्यांतल्या प्रचलित भावांची सरासरी काढायची आणि हमीभाव व ती सरासरी यांतला फरक शेतकऱ्याच्या खात्यात टाकायचा, असा साधारण हिशेब. योजना लागू झाली आणि व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. फरक सरकार देणारच आहे हे एकदा ठाऊक झाल्यावर घासाघीस करायची कोणी आणि कशाला? भाव मोजायला केलेले सूत्र भाव ठरवणाऱ्यांतलेच एक होऊन बसले.

कोणी म्हणेल, पुढचा नको, निदान आजचा खरा भाव तरी गावोगाव कळू द्या. तेही तपासून झाले आहे. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातल्या 100 गावांत प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांतल्या शेतकऱ्यांना भाव आणि हवामानाचे संदेश मोबाइलवर मिळाले, बाकीच्यांना नाही. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आला: संदेशांमुळे हाती पडलेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नाही. उलट, मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2000 पासून आयटीसी कंपनीच्या ई-चौपाल, म्हणजे गावांतले भाव दाखवणारे संगणक-कट्टे, आल्या, तिथे अपराजिता गोयल यांना मंडीतला सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्के वाढलेला दिसला. दोन्हीकडे भाव कळत होता, पण ई-चौपालीसोबत आयटीसी हा माल घेणारा दुसरा गिऱ्हाईकही उभा होता. मंडीतला भाव परवडला नाही तर बैलगाडी वळवायला दुसरी वाट होती. भाव माहीत असणे आणि भाव नाकारता येणे, यांत अंतर आहे.

मग यंत्राचा उपयोग काय? जे आपले ऐकत नाही, त्याचा अंदाज घेण्यासाठी. सगळ्या जिल्ह्याने पावसाचा अंदाज वाचला म्हणून पाऊस आपली तारीख बदलत नाही. 2025 च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने 13 राज्यांच्या काही भागांत सुमारे 3.88 कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले. गूगलचे न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस, ही दोन शिकवलेली यंत्रे त्यामागे होती. या कामामागच्या मंडळींत नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ मायकल क्रेमर आहेत. नंतर मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये फोनवरून पाहणी झाली. 31 ते 52 टक्के शेतकऱ्यांनी पेरणीचे बेत बदलले होते. संदेशाच्या पाच भाषांत मराठीही होती. सौंसरसारख्या मराठी बोलणाऱ्या तालुक्यात भाषा राज्य बघून नव्हे, घर बघून ठरायला हवी, एवढे मात्र इथून सांगून ठेवतो.

जसा पाऊस, तशीच संत्र्याची दुखणी: डिंक्या, कोळशी, फळगळ. बुरशी आणि माशी भाव वाचत नाहीत. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे ज्ञान आहे, बागायतदाराच्या खिशात कॅमेरा आहे. यंत्राने इथे राबावे.

पण सर्वांत मोठी गोष्ट पुन्हा त्या हिरव्या फळांपाशीच आहे. ड्रोनच्या छायाचित्रांतून झाडावरची फळे मोजायला यंत्र आता शिकते आहे. हे यंत्र आधी कोणाच्या हाती येईल? ज्याच्याकडे भांडवल आहे, त्याच्या. व्यापाऱ्याची नजर आजच बागायतदारापेक्षा जास्त बगीचे पाहून तयार झालेली आहे. उद्या तिच्या जोडीला मोजणीही आली, तर ईसार देणाऱ्याला माल माहीत आणि घेणाऱ्याला नाही, असा सौदा होईल. खरेदीदार आणि विकणारा यांच्या माहितीत अंतर पडले की बाजार कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच दाखवले. तिथे विकणाऱ्याला जास्त ठाऊक होते. इथे उलटे होईल.

म्हणून नव्या पांढुर्णा जिल्ह्याने मागायचे असेल तर हे मागावे: ईसारापूर्वी प्रत्येक बागायतदाराला आपल्या बगीच्याची मोजणी फुकट मिळावी, आणि ती देणारी संस्था व्यापाऱ्याच्या पैशावर चालणारी नसावी. ही मोजणी आधी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गावांत द्यावी, बाकीच्या गावांशी ताडून पाहावी. फायदा दोन एकरवाल्याला झाला की वीस एकरवाल्याला, हे वेगळे काढण्याची रीतही आहे: स्टीफन वेगर आणि सुसान अॅथी यांचे 2018 चे कॉझल फॉरेस्ट याच कामाचे. आणि सोबत पांढुर्ण्यात संत्र्याला दुसरा गिऱ्हाईक हवा, मग ती शेतकऱ्यांची कंपनी असो की रसाचा कारखाना. तो नसेल, तर मोजणीचा कागद हाती घेऊनही बागायतदार पहिल्याच व्यापाऱ्याच्या आकड्यावर मान डोलावील.