भट्टी दाखवा, प्याला नको

स्कॉटलंड-आयर्लंडच्या सहलीत व्हिस्कीची भट्टी किंवा बिअरचा कारखाना पाहणे अनेकदा ठरलेलेच असते. मुलांना सोबत न्यावे का? प्रवेश असेल तर जरूर न्यावे. शाळेतले विज्ञान तिथे डोळ्यांसमोर घडते. यीस्ट साखरेपासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. ऊर्ध्वपातन या फरकावरच चालते. मात्र कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंदिस्त जागेत गुदमरवू शकतो. आंबवण्याच्या टाकीत मुलांना डोकावू देऊ नका. वयाची अटही आधीच विचारून घ्या.

खरा प्रश्न आहे तो शेवटच्या, चव घेण्याच्या दालनाचा. मुले बाकी सारे विसरतील. आईबाबांनी हौसेने उचललेला प्याला विसरणार नाहीत. मद्याने कर्करोग होतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दिला आहे. मुलांना भट्टी दाखवणाऱ्यांनी हेही सांगायला हवे. गाडी चालवणाऱ्यांना स्कॉटलंडमधल्या अनेक भट्ट्या नमुना छोट्या बाटलीत भरून देतात. मुले सोबत असतील तर आईबाबांनीही तीच सोय मागावी आणि त्या दालनातून हात न लावता बाहेर पडावे.