अश्रूंचे गिऱ्हाईक

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका स्नेह्यांनी मला ऐकवले, "अफगाणिस्तानात कसला आलाय सिनेमा? तिथे बंदुका आणि बेदाणे!" पाहुण्याशी भांडू नये म्हणून चकली चावीत मी गप्प बसलो. तो राग आज कागदावर उतरवतो आहे.

सिद्दीक बर्मक हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत १९८७ साली शिक्षण पुरे करून आलेला हा गृहस्थ १९९२ ते १९९६ 'अफगाण फिल्म' या सरकारी संस्थेचा प्रमुख होता. तालिबान आले, तेव्हा त्या संस्थेच्या माणसांनी जुन्या चित्रपटांची रिळे खोट्या भिंतीआड चिणून वाचवली. बंदुकांच्या देशातली ही माणसे, माझ्या स्नेह्यांनी जरा लक्षात घ्यावे!

तालिबान गेल्यावर बर्मकनी २००३ साली 'ओसामा' काढला. घरात पुरुष नाही, बाईला कामाला बाहेर पडण्याची बंदी. तेव्हा आई आणि आजी मुलीचे केस कापून तिला मुलगा बनवून पाठवतात. ती पोर कापलेली वेणी कुंडीत रोवते आणि तिला पाणी घालते! नायिका मरीना गोलबहारी काबूलच्या रस्त्यावर भीक मागताना त्यांना सापडली. चित्रपटाचे पहिले नाव 'इंद्रधनुष्य' होते, आणि शेवटी सुटकेची आशा होती. तो शेवट बर्मकनी स्वतः कापला. आता मुलगी म्हाताऱ्या मुल्लाच्या घरी जाते, आणि तो तिच्यापुढे कुलुपे धरतो. माझ्या मते त्यांनी केले ते योग्यच केले. खोटी आशा दाखवणे हे रडवण्यापेक्षा हलके काम. २००४ साली त्याला 'गोल्डन ग्लोब' मिळाले.

खरे भांडण इथून पुढे आहे. २००८ साली त्यांनी 'ओपियम वॉर' काढला. हेलिकॉप्टर कोसळून अफूच्या शेतांत अडकलेले दोन अमेरिकन सैनिक, आणि जवळच मोडक्या रशियन रणगाड्यात संसार मांडून बसलेले अफगाण कुटुंब! हसू येते, आणि मग आपण कशाला हसलो याचा विचार करावा लागतो. रोमच्या महोत्सवात समीक्षकांनी त्याला पारितोषिक दिले. पण 'ओसामा'चे नाव घेणाऱ्या रसिकांना तो ठाऊकही नाही. अफगाण माणसाने रडावे, आपण कनवाळूपणे रुमाल काढावा, हा सौदा साऱ्या जगाला पटला आहे. त्याने थट्टा केली, तीही बलाढ्य परकीयांची, की गिऱ्हाईक दुकानातून निघून जाते. आपणही त्यातलेच. आपल्या पडद्यावर पठाण लागतो तो घोड्यावरचा, दिल्या शब्दाला जागणारा. रणगाड्यात पोळ्या भाजणारा कुणाला हवा?

२०२१ साली तालिबान काबूलला परत आले. आता तर त्या देशाकडून अश्रूंखेरीज दुसरे काही मागायचे आपण विसरूनच गेलो.

माझे स्नेही यंदाही फराळाला येणार आहेत. रणगाड्यातल्या संसाराची गोष्ट त्यांना सांगणार आहे. चिवडा नंतर.