शेवटी कोणी मरते का? आशियाई ‘बीएल’ मालिका, मराठी कथा आणि शेवटांचा इतिहास

१/१८
नरनाळ्यावरचा मागचा धागा संपवताना मी सहज लिहिले होते की सध्या रात्री एक थाई मालिका पाहते आहे, दोन तरुणांच्या प्रेमाची. त्याखाली एका वाचकाने विचारले, “इतिहासाच्या खात्यावर हे परदेशी चाळे कशाला?” दुसऱ्याने लिहिले, “आपल्या मातीत असले काही नव्हते.” दुसरे विधान इतिहासाविषयीचे आहे, म्हणून त्याचे उत्तरही इतिहासानेच द्यायला हवे. हा धागा त्यासाठी.

२/१८
नव्या वाचकांसाठी आधी ओळख. ‘बॉइज लव्ह’, म्हणजेच बीएल, हा दोन पुरुषांमधील प्रेमाच्या कथांचा प्रकार. त्याचा उगम जपानी चित्रकथांत. आज थायलंड, जपान, तैवान, कोरिया, फिलिपिन्स येथे अशा मालिका व चित्रपट सातत्याने निघतात. लेखक आणि प्रेक्षक या दोहोंत स्त्रियांचा वाटा फार मोठा. मी तेल्हाऱ्याची, इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि या मालिकांची निष्ठावंत प्रेक्षक. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

३/१८
या मालिका तेल्हाऱ्यात पोचल्या कशा? २०१६च्या सप्टेंबरात जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला. २०२०च्या फेब्रुवारीत ‘टूगेदर’ ही थाई मालिका सुरू झाली. निर्मात्यांनी ती इंग्रजी उपशीर्षकांसह यूट्यूबवर मोफत ठेवली. पाठोपाठ टाळेबंदी आली. बँकॉकमधल्या महाविद्यालयाची गोष्ट अशा रीतीने आमच्या माळवदाखाली येऊन बसली. यात कोणाचे कारस्थान नव्हते. वस्तू कशी प्रवास करते याचे हे साधे उदाहरण आहे.

४/१८
ही आवड मला एकटीला नव्हती. गावातला माझा एक जुना मित्र तेल्हारा–अकोला एसटीत माझ्या शेजारी बसे आणि एका इअरफोनची दोन टोके आम्ही दोघे वाटून घेत असू. नवी मालिका सुरू करण्यापूर्वी तो न चुकता एकच प्रश्न विचारी : “शेवटी कोनी मरत तं नाही ना वं?” पहिल्यांदा मी हसले. पुढे कळले की हा प्रश्न तो मालिकेपुरता विचारत नाही. (त्याच्या संमतीने लिहिते आहे, नाव विचारू नये.)

५/१८
त्याच्या प्रश्नाला मी इतिहासाचा प्रश्न मानते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या कथेचा शेवट आजवर कोणी, कसा आणि का ठरवला? माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीत हा विषय नव्हता, हे असत्य आहे. मराठीत या विषयाला सोबतीचा शेवट मिळत नव्हता, हे सत्य आहे. आम्ही बँकॉककडे वळलो ते त्या शेवटासाठी.

६/१८
‘आपल्या मातीत नव्हते’ या दाव्याला पहिले उत्तर १९३४चे. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७पासून चालवत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते त्यात उत्तरे देत. त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने मुंबईच्या न्यायालयात उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

७/१८
लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लेखन अश्लील ठरत नाही आणि लोकांच्या मनातल्या प्रश्नांना ज्ञानानेच उत्तर दिले पाहिजे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. न्यायालयाने तो मानला नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. खटला हरला, पण एक गोष्ट कायमची नोंदली गेली : १९३०च्या दशकातले वाचक हे प्रश्न विचारत होते. प्रश्न विचारणारा माणूस अस्तित्वातच नव्हता, असे आता म्हणता येणार नाही.

८/१८
दुसरे उत्तर कायद्याचे. ज्या कलम ३७७ला अनेकांनी ‘आपली संस्कृती’ समजून कवटाळले, ते १८६०च्या भारतीय दंडसंहितेतले. तिचा मूळ मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली तयार झाला होता. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध त्यातून वगळले. परदेशी मालाविषयी ज्यांना चिंता आहे, त्यांनी मालाची यादी एकदा पूर्ण वाचावी.

९/१८
आता माझ्याच गोटातल्या मित्रांशी भांडण. आपल्यापैकी अनेक जण उत्साहाच्या भरात बालगंधर्व आणि तमाशातला नाच्या यांची उदाहरणे पुढे करतात. हे चुकीचे आहे. पुरुषाने स्त्रीभूमिका करणे वेगळे आणि पुरुषाने पुरुषावर प्रेम करणे वेगळे. ‘नटरंग’ (२०१०) चित्रपटातला गुणा पुरुषावर प्रेम करत नाही. तो कलेपायी नाच्या होतो. त्यासाठी त्याला समाज काय भोगायला लावतो, एवढेच त्यातून आपण शिकू शकतो. सोयीचा पुरावा हा पुरावा नसतो, हे आपण इतरांना ऐकवतो; स्वतःही ऐकावे.

१०/१८
मग मराठीत प्रत्यक्ष काय आहे? विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगभूमीवर आले. रोहिणी हट्टंगडी यांनी मित्रा साकारली. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकांसमोर उभी करण्याचे हे धैर्य मोठेच. पण नाटकाचा शेवट मित्राच्या मृत्यूने होतो. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘उंबरठा’ चित्रपटात महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचे नाते दिसते, ते व्यवस्थापनापुढे आलेले एक प्रकरण म्हणून. एकीकडे शोकांतिका, दुसरीकडे फाइल.

११/१८
सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरी २००६ची. भाऊ आणि बहीण एकाच पुरुषाच्या प्रेमात पडतात. तो येतो, दोघांच्या आयुष्यात राहतो आणि निघून जातो. इथे मृत्यू नाही, पण सोबतही नाही. २०२२मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा कथा कोचीत घडत होती आणि भाषा प्रामुख्याने हिंदी झाली होती. मराठी कादंबरीतले घरही पडद्यावर येताना दूर गेले. हा दोष मी कोणा एकाला देत नाही. प्रेमाला दूर पाठवण्याची ही सवय जुनी आहे आणि ती केवळ आपली नाही.

१२/१८
जपानचे पाहा. हागिओ मोतो यांची ‘थॉमसचे हृदय’ ही चित्रकथा १९७४ची. ती घडते जर्मनीतल्या मुलांच्या वसतिगृहात आणि सुरू होते थॉमसच्या मृत्यूने. ताकेमिया केइको यांची ‘वारा आणि झाडांचे गीत’ १९७६पासून प्रसिद्ध होऊ लागली. ती घडते फ्रान्समध्ये आणि तिथेही शेवटी झिल्बेर मरतो. ज्या परंपरेतून आजच्या गोड मालिका निघाल्या, तिच्या आरंभीही मृत्यू आणि परदेश हीच जोडी होती. जपानी लेखिकांना आपले प्रेम युरोपात ठेवावे लागले. आम्हाला ते बँकॉकमध्ये सापडले.

१३/१८
तिथून पुढे काय घडले? २००७पासून योशिनागा फुमी यांची ‘काल काय जेवलास?’ ही चित्रकथा प्रसिद्ध होऊ लागली. २०१९मध्ये तिची मालिका झाली. एक वकील, एक केशकर्तनकार, दोघेही चाळिशी ओलांडलेले. एक घर, एक स्वयंपाकघर. वकीलसाहेब भाजी कुठे स्वस्त मिळते याचा हिशेब ठेवतात आणि रात्री दोघे जेवतात. वसतिगृहातल्या मृत्यूपासून रात्रीच्या जेवणापर्यंत यायला त्या परंपरेला तीन-चार दशके लागली. माझ्या मते या प्रकाराची खरी कमाई चुंबनदृश्यात नाही. ती त्या जेवणाच्या ताटात आहे.

१४/१८
थायलंडमध्येही तोच प्रवास. ‘लव्ह ऑफ सियाम’ (२००७) मध्ये दोघांची सोबत होत नाही. २०२१च्या ‘बॅड बडी’मध्ये दोन शेजारी, दोन वैरी घरे, घरे पुरती वळत नाहीत, तरी दोघे सोबत राहतात. २३ जानेवारी २०२५पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाले. मालिकांमुळे कायदा झाला, असे मी म्हणणार नाही. त्यामागे कार्यकर्त्यांची दीर्घ लढाई आहे. पण शेवटांचे मोल सत्तेला कळते, हे चीनने दाखवले. २०१६मध्ये ‘अॅडिक्टेड’ ही मालिका शेवटचे भाग दाखवण्यापूर्वीच संकेतस्थळांवरून काढली गेली. बंदी नेमकी शेवटावर पडली.

१५/१८
“पण या मालिका खोट्या असतात, वास्तव नसतात,” असे गंभीर वाचणारे मित्र म्हणतात. त्यांच्या आक्षेपातला खरा भाग मान्य करते. अनेक मालिकांत जबरदस्तीला प्रेम म्हटले जाते. ‘मला पुरुष आवडत नाहीत, फक्त तूच आवडतोस’ हे वाक्य म्हणजे नाव घेण्याची भीती आहे. पडद्यावरच्या जोडीचे नाते पडद्याबाहेरही विकले जाते आणि नटांचे खासगी आयुष्य त्यात भरडले जाते. नायकांना कर्ज नसते, जात नसते, परीक्षाही क्वचितच असते. चाहते म्हणून आपण हे बोलत नाही, हा आपला दोष.

१६/१८
तरीही एक प्रश्न उरतो. स्त्री-पुरुषांच्या हजारो गोड मराठी चित्रपटांना कोणी ‘वास्तव नाही’ म्हणून बाद केले? सुखान्त ही त्यांची हक्काची वस्तू आणि इतरांनी मात्र दुःखाची पावती दाखवल्यावरच आत यायचे, हा कुठला न्याय? दुःख हेच वास्तव, असे मानणाऱ्याने एका तरुणाला आधीच सांगून टाकलेले असते की तुझी गोष्ट कुठे संपणार आहे. माझ्या मित्राच्या त्या प्रश्नाचा उगम इथे आहे.

१७/१८
मराठीत आता दार किलकिले झाले आहे. रोहन कानवडे यांच्या ‘सबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सप्टेंबरात तो चित्रपटगृहांत आला. वडिलांच्या निधनानंतर मुंबईहून गावी आलेला आनंद, दहा दिवसांचे सुतक, शेती करणारा बालमित्र बाळ्या आणि दोघांच्याही मागे लागलेला लग्नाचा तगादा. कोची नाही, जर्मनी नाही. आपले गाव, आपली बोली. शेवट फोडत नाही. इतकेच सांगते की दिग्दर्शकाने प्रेमाला शिक्षा दिलेली नाही.

१८/१८
माझ्या मित्राच्या घरीही स्थळे पाहणे सुरू आहे. शेतकरी मुलांना मुली मिळत नाहीत म्हणून सारा वऱ्हाड हवालदिल, आणि त्यात आलेले स्थळ हा मुलगा नाकारतो, याचे घरच्यांना कोडे. न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क नाकारला, तेव्हा त्याच्यापुढे दाखवायला दुसरा मार्गही नाही. ‘सबर बोंडं’ची गोष्ट मी त्याला फोनवर सांगितली. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटले, “नाही, कोणी मरत नाही.” बाळ्याच्या घरची शेती किती, एवढेच त्याने पुढे विचारले.

परदेशी चाळ्यांवर आक्षेप घेणाऱ्यांना माझे आवाहन एवढेच : असे शेवट मराठीत लिहा, आम्ही मराठीत पाहू. कथा, नाटक, एकांकिका, जुने मासिक, जिथे दोघे शेवटी सोबत आहेत असे काही ठाऊक असेल, तर खाली नोंदवा. यादी करायला घेतली आहे.