सही आधी, दुसरा डॉक्टर कधी?
आमच्या हिंगोलीचा पेशंट नांदेडच्या आयसीयूत असतो. पैसे संपले की नातेवाईक सही करून त्याला घरी आणतात. त्याला कुणी दयामरण म्हणत नाही, पण व्हेंटिलेटर निघतोच.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानुसार उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. दुसऱ्या मंडळात पहिल्यातलं कुणी चालत नाही. त्यातला एक डॉक्टर जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी नेमतो. लोक म्हणतात, ही कटकट कशाला? मंडळानं शक्यतो ४८ तासांत ठरवायचं आहे, एवढीच ती कटकट.

मी म्हणतो, गरिबाचा वकील हाच दुसरा डॉक्टर. 'आजार बरा होणार नाही, की पैसे उरले नाहीत?' हे बिलाशी संबंध नसलेला माणूसच विचारू शकतो. मग तो आमच्या वाट्याला का येत नाही?