जुन्या पंपाचा नवा वायसर

माळा आवरताना अनेक घरांत एक वस्तू हमखास हाती लागते. ती म्हणजे सायकलच्या दांडीवरील दोन खुंट्यांमध्ये अडकवायचा जुना हातपंप. मूठ ओढून पाहिली की ती सहज आत-बाहेर सरकते, हवा मात्र येत नाही. आणि पंपाची रवानगी भंगारात होते. तसे करण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी विनंती करण्यासाठी आजचे हे लेखन आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरातील सिडको भागात एक परिचित कुटुंब राहते. घरातील अण्णा ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. उमेदीची वर्षे त्यांनी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीत घालवली. दोन वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. नातवंडांची नावे चुकू लागली, दिवस खुर्चीत सरू लागला. जुना पंप दृष्टीस पडला की मात्र ते उठत, मूठ ओढून पाहत आणि मान हलवून तो खाली ठेवत. मुलाने नवा पंप आणला. त्याला त्यांनी हातही लावला नाही. सूनबाईंनी मला दोन प्रश्न विचारले. हा पंप दुरुस्त होईल का? आणि ते काम अण्णांना झेपेल का? दोन्ही प्रश्न आपल्यापैकी अनेकांचे असू शकतात, म्हणून उत्तरे येथे देतो.

प्रथम पंपाचे. डॉक्टर औषधापूर्वी तपासणी करतात, तशी पंपाचीही करावी. नळी काढून पंपाचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि मूठ आत दाबा. हात मागे रेटला जात असेल तर आतला वायसर चांगला आहे. मूठ विनासायास आत गेली तर वायसर निकामी झाला आहे. वायसर ठीक असूनही हवा भरत नसेल तर नळीला चीर आहे का आणि तिच्या टोकांशी हवा सुटते का, ते पाहा. तेही ठीक असेल तर दोष पंपात नसून चाकाच्या व्हॉल्व्हमधील बारीक रबरी नळीत असण्याची शक्यता मोठी.

बहुतेक वेळा दोष वायसरचाच निघतो. दट्ट्याच्या टोकाला वाटीच्या आकाराचा चामड्याचा तुकडा बसवलेला असतो. मूठ दाबली की हवेच्या दाबाने या वाटीची कड फाकते आणि नळकांड्याला घट्ट चिकटते. मूठ ओढली की कड सैल पडते आणि बाहेरची हवा तिच्या बाजूने पुढे शिरते. म्हणजे दट्ट्या आणि झडप ही दोन्ही कामे एकच चामडे करते. आपल्याकडील पाणचक्की आठवा. दुरून बंद नळांतून आलेले पाणी उंच चढते, कारण वाटेत दाब कोठे निसटत नाही. पंपाचेही तसेच. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चामडे सुकते, आक्रसते आणि दाब निसटू लागतो.

अनेकदा नवा भाग लागतही नाही. मुठीकडील टोपण फिरवून दट्ट्या बाहेर काढा, चामड्याला एरंडेल लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कड बोटांनी हलकेच फाकवा. करडईचे किंवा जवसाचे तेल वापरू नये; ती तेले हवेत वाळून चिकट होतात. रॉकेलही टाळावे, कारण ते रबर खराब करते.

चामडे फाटले असेल तर नवा वायसर आणावा. दुकानात जाताना जुना वायसर, नट आणि शक्य तर पंपच सोबत न्यावा. जुने विलायती पंप इंचांच्या मापाचे असल्याने नव्या नटाचे आटे जुळतीलच असे नाही. म्हणून जुना नट जपून ठेवावा. नवा वायसरही बसवण्यापूर्वी एरंडेलात मुरवावा. वाटीचे तोंड हवा बाहेर पडते त्या दिशेला असावे. नट बेताने आवळावा. फार आवळल्यास चामडे वाकडे होते. दट्ट्या नळकांड्यात सरळ ढकलू नये, किंचित फिरवत सरकवावा, म्हणजे कड दुमडत नाही. आणखी एक सावधगिरी: काही जुन्या पंपांचे नळकांडे सेल्युलॉइडचे असते. ते चटकन पेट घेते. अडकलेले टोपण सैल करण्यासाठी पंप मेणबत्तीवर किंवा गॅसवर कधीही तापवू नये.

आता दुसरा प्रश्न: झेपेल का? स्मृतिभ्रंशात नावे आणि अलीकडच्या घटना लवकर निसटतात. वर्षानुवर्षे हाताने केलेली कामे मात्र पुष्कळदा अधिक काळ टिकतात. म्हणून असे काम देऊन पाहावे. त्याची परीक्षा होऊ देऊ नये.

टेबलावर पांढरी चादर पसरा, म्हणजे नट घरंगळला तरी दिसेल. उजेड भरपूर असावा, चष्मा डोळ्यांवर असावा. सुटे भाग स्टीलच्या वाटीत ठेवा आणि मोजून घ्या. लहान मूल किंवा स्वतः रुग्ण ते तोंडात घालू शकतो. हात कापत असतील तर आपण नळकांडे धरावे आणि नट त्यांना फिरवू द्यावा. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ते थांबले की लगेच हातातून काम काढून घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पत्र्याच्या कडांपासून जपावे. लहान जखमही अशा वेळी बराच वेळ वाहते.

हवा भरताना चाक फिरवून व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणावा, म्हणजे फार वाकावे लागत नाही. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना वाकून एकदम उठल्यास चक्कर येऊ शकते. मूठ दाबताना श्वास रोखू नये, तो सोडावा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. हृदयाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, किंवा हर्नियाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप मारू नये. छातीत दुखले, धाप लागली किंवा गरगरले तर तिथेच थांबावे आणि विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी.

अण्णांच्या घरी हे काम दोन सकाळी चालले. पहिल्या दिवशी दट्ट्या निघाला, चामडे फाटलेले निघाले. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी नवा वायसर दांड्यावर चढवला आणि नट फिरवायला दिला. अण्णांनी तो हातात घेतला, वायसरकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, उलटा बसवलास." खरोखरच वाटीचे तोंड मुठीकडे झाले होते. सूनबाईंनी तो काढून त्यांच्या हाती दिला. त्यांनी सुलटा बसवला, नट आवळला, पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि मूठ दाबली. मूठ मागे आली.

हा आजार त्यामुळे बरा झाला, असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी पंप कोणी दुरुस्त केला, हे अण्णांना आठवत नव्हते. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनी सवयीने मूठ ओढून पाहिली आणि या वेळी मान न हलवता नातवाच्या सायकलपाशी गेले. सूनबाईंनी स्टूल आणून दिले आणि बाजूला उभ्या राहिल्या.

आपल्या घरी असा पंप असेल तर या पंधरवड्यात अंगठ्याची ती तपासणी करून पाहा. दुरुस्त झाल्यावर अधूनमधून चामड्याला दोन थेंब एरंडेल द्या, पंप उन्हात ठेवू नका. आणि ते दोन थेंब टाकण्याचे काम घरातील ज्येष्ठांकडेच राहू द्या. रोज नव्याने सांगावे लागले तरी.