माहीत असणे हा गुन्हा ठरवू नका

सन्माननीय संसद सदस्य, तसेच महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांच्या गृहखात्यांचे मंत्री व अधिकारी यांस,



मी पुण्यात संगीताचे छोटे कार्यक्रम भरवते, दोनशे-तीनशे श्रोत्यांचे. प्रत्येक वेळी पोलीस ठाण्याची परवानगी, ध्वनिवर्धकाची परवानगी, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला हे सगळे करावे लागते. त्याविषयी माझी तक्रार नाही. गर्दी जमवणाऱ्याने गर्दीची काळजी वाहिली पाहिजे. माझे म्हणणे आहे ते एका कलमाविषयी, आणि एखादा तरुण दगावला की लगेच उठणाऱ्या एका मागणीविषयी: कार्यक्रमात कोणी ड्रग्ज घेतले तर आयोजकालाच आत टाका.

1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्याचे 25 वे कलम सांगते की घर, खोली, आवार, मोकळी जागा किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ते या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला जाणूनबुजून वापरू दिले, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्यालाही. जाणूनबुजून म्हटले आहे, म्हणजे निर्दोष माणसाला भीती नाही, असे वाटते. पण पुढे 35 वे कलम आहे. त्यानुसार आरोपीच्या मनात दोष होता हे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. हेतूही त्यात आला आणि माहितीही आली. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे, आणि तेही वाजवी संशयाला जागा उरणार नाही इतक्या पक्केपणाने. खुनाच्या खटल्यात एवढा भार सरकार पक्षावर असतो. इथे तो मैफल भरवणाऱ्यावर येतो.

याचा परिणाम काय होतो ते मी पाहिले आहे. मागे एका कार्यक्रमाच्या वेळी आम्ही स्वयंसेवकांसाठी पानभर सूचना लिहिल्या होत्या. कोणाचे अंग तापाने फणफणले, कोणी बरळू लागले, जबडा आवळून धरला, तर त्याला गर्दीतून बाहेर आणा, अंग थंड करा, रुग्णवाहिका बोलवा. काय घेतले आहे ते दरडावून विचारू नका, विश्वासात घेऊन विचारा. जागेच्या मालकांनी तो कागद परत केला. ‘मॅडम, उद्या हा पंचनाम्यात गेला तर तुम्हाला आधीपासून सगळे माहीत होते असाच अर्थ निघेल,’ असे ते म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या वकिलांनी त्यांना चुकीचा सल्ला दिला नव्हता. जो आयोजक धोका ओळखतो आणि तयारी करतो, त्याच्याविरुद्ध पुरावा तयार होतो. जो डोळे मिटून बसतो, तो सुटण्याची शक्यता जास्त. असा कायदा कोणत्या मुलाचा जीव वाचवणार आहे?

अमेरिकेने ही वाट आपल्या आधी चालून पाहिली. 1986 मध्ये तिथे क्रॅक कोकेनच्या अड्ड्यांविरुद्ध कायदा झाला. अड्डा चालवणारा किंवा त्यासाठी जागा देणारा त्यात सापडावा, एवढाच हेतू. 2002 मध्ये सिनेटर जो बायडन यांनी तो नाचगाण्याच्या कार्यक्रमांपर्यंत ताणणारे रेव्ह विधेयक आणले. आयोजक पाण्याच्या बाटल्या महाग विकतात, दमलेल्यांना गार होण्यासाठी वेगळी खोली ठेवतात, चमकणाऱ्या कांड्या विकतात, या गोष्टी विधेयकाच्या सुरुवातीलाच नशेच्या खुणा म्हणून नोंदल्या होत्या. पाणी महाग विकणे वाईटच. पण गार व्हायची खोली? एमडीएमए हे ड्रग घेतलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान वाढते; कोंदट जागेत तासन्‌तास नाचल्याने ते जिवावर बेतते. नुसते पाणी पीत राहणेही घातक, कारण रक्तातले सोडियम उतरते. अशा वेळी त्याला बसवणारी, वारा घालणारी, लक्ष ठेवणारी जागा हवी. नेमकी तीच जागा कायद्याच्या मसुद्यात संशयित ठरली.

पॅट्रिक लेही आणि डिक डर्बिन या सिनेटरांनी सुरुवातीला दिलेला पाठिंबा काढून घेतला आणि ते विधेयक अडले. पुढच्या वर्षी ती कलमे, त्या नोंदी वगळून, मुलांच्या अपहरणाविरुद्धच्या एका मोठ्या विधेयकाला जोडली गेली. मुलांच्या रक्षणाच्या विधेयकाला विरोध कोण करणार? एप्रिल 2003 मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. वीस वर्षांपर्यंत कैद, आणि दिवाणी दंड अडीच लाख डॉलर किंवा एकूण उत्पन्नाच्या दुप्पट, यांत जो जास्त असेल तो. महिनाभरातच मॉन्टाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी, गांजाविषयीचे कायदे बदलावेत म्हणून निधी जमवणारी एक मैफल रद्द झाली. केंद्रीय अमली पदार्थ विभागाच्या अधिकाऱ्याने सभागृहाच्या व्यवस्थापकांना या कायद्याची प्रत दाखवली होती. कोणी तिथे गांजा ओढला तर दंड तुम्हाला, एवढे सांगणे पुरले. खटल्याची गरजच पडली नाही.

2013 मध्ये वॉशिंग्टनच्या एका नृत्याच्या कार्यक्रमात एमडीएमए घेतलेली एक विद्यार्थिनी उष्माघाताने गेली. तिच्या आईने आयोजकांना तुरुंगात टाका असे म्हटले नाही. सुरक्षेचे उपाय करणाऱ्या आयोजकाला भीती वाटू नये म्हणून हा कायदा बदला, अशी मोहीम तिने उभी केली. आणि 2021 मध्ये त्याच मूळ कायद्याच्या आधारे अपील न्यायालयाने, फिलाडेल्फियात व्यसनी माणसांना वैद्यकीय देखरेखीखाली अमली पदार्थ घेता येतील असे नियोजित केंद्र बेकायदा ठरवले. अड्ड्यांसाठी केलेला कायदा दवाखान्याच्या दारापर्यंत पोचला.

इंग्लंडचा अनुभव तर मला जास्तच अस्वस्थ करतो. केंब्रिजमध्ये बेघरांसाठी दिवसाचा आसरा चालवणाऱ्या रूथ वायनर आणि जॉन ब्रॉक यांना डिसेंबर 1999 मध्ये अनुक्रमे पाच आणि चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी काही विकले नव्हते. केंद्राच्या आवारात हेरॉइनची देवघेव होत होती, आणि ती रोखायला त्यांनी पुरेसे केले नाही, हा ठपका. अपिलात शिक्षा कमी झाली, पण दोष कायम राहिला. रस्त्यावरच्या माणसाला जवळ करायचे तर त्याच्या व्यसनासकट करावे लागते. ते करणाऱ्यांना तुरुंग मिळाला.

आयोजक स्वतः माल पुरवत असेल, विक्रीत वाटा घेत असेल, तर माझी त्याच्यासाठी अजिबात रदबदली नाही. त्याच्यावर विक्रीची कलमे लावा, 29 व्या कलमाखाली कटाचा आणि चिथावणीचा गुन्हा लावा. ती कलमे पुरेशी कडक आहेत.

आता नाशिकचा सिंहस्थ घ्या. तिथे यजमान राज्य सरकार असते. साधूंच्या चिलमीत गांजा असतो हे नाशिककरांना ठाऊक आहे, बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांवर 25 वे कलम लावा असे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. 2015 मध्ये तसे घडले नाही, कारण गर्दीचे मार्ग, घाट आणि वैद्यकीय पथके यांवर मेहनत घेतली गेली. यजमान म्हणून सरकारला लोकांनी या मोजमापाने जोखले. मग गोव्यातल्या वागातोरच्या किंवा पुण्यातल्या खराडीच्या आयोजकाला दुसरे माप का?

डिसेंबर 2019 मध्ये वागातोरच्या महोत्सवाच्या दिवसांत तरुण मुले दगावली, तेव्हा बंदीची मागणी झाली. वैद्यकीय पथक मंचापासून किती पावलांवर असावे, पाणी फुकट मिळावे का, सोबतच्या मित्राने डॉक्टरांना खरे सांगितले तर त्याचे काय होईल, हे प्रश्न मागे पडले. त्या मित्राचाच विचार करा. 27 व्या कलमाखाली सेवनालाही शिक्षा आहे, हे त्याला माहीत असते. तो घाबरून गप्प राहतो, मग पळून जातो.

संसद सदस्यांना माझी विनंती अशी: 25 वे कलम, जो नशेच्या व्यवहारासाठीच जागा चालवतो किंवा त्यातून कमाई करतो, त्याच्यापुरते ठेवा. प्रथमोपचार, डॉक्टर, स्वयंसेवकांच्या सूचना, गार होण्याची जागा यांतले काहीही आयोजकाला माहिती असल्याचा पुरावा म्हणून चालणार नाही, असे कायद्यात लिहा. मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी फोन केला त्याच्यावर सेवनाचा गुन्हा दाखल होणार नाही, अशी तरतूद करा. व्यसनी माणूस आपणहून उपचार घेत असेल तर 64अ कलम आजही त्याला संरक्षण देते. पहिल्यांदाच काहीतरी घेऊन कोसळलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याहून कमी का मिळावे?

गृहखात्यांना यासाठी संसदेची वाट पाहावी लागणार नाही. परवानगीच्या अटी तुमच्याच हातात आहेत. ‘कोणीही अमली पदार्थ घेणार नाही’ अशी हमी कोणताही आयोजक प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, ती लिहून घेणे बंद करा. त्या जागी मोफत पाणी, हजर डॉक्टर, अडवणूक न होता आत येणारी रुग्णवाहिका आणि मोकळ्या हवेची बसायची जागा या अटी घाला, त्या पाळल्या की नाही ते तपासा, आणि पाळल्या नसतील तर मला खुशाल दंड करा. डिसेंबरचे कार्यक्रम सुरू होण्याआधी एका परिपत्रकाने हे करता येईल.

आपली,
पुण्यातील एक कार्यक्रम संयोजक