ओव्यांची दुसरी प्रत
(एस. वाय. बी. ए.)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. पण तिच्या ओव्या संपता संपत नाहीत. त्यांची प्रत एकच, आणि ती म्हणजे तिचा गळा! अशा गळ्यांचे मोल पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी ओळखले. सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून त्यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या.

आम्ही काही विद्यार्थिनीही सुट्टीत गावी जाऊन ओव्या ध्वनिमुद्रित करतो. ते सारे मराठी विभागातील संगणकाच्या एकाच हार्डडिस्कवर आहे. म्हणजे गळा बदलला, धोका तोच राहिला.

यावर उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. जुन्या संगणकावरही लिनक्स विनामूल्य चालते. सारख्या आकाराच्या दोन डिस्क घेऊन 'एमडीएडीएम' या प्रोग्रॅमने त्यांची जोडी बांधता येते. एकीवर लिहिलेले दुसरीवरही उमटते. यास रेड-१ म्हणतात. एक डिस्क बिघडली तरी काम अडत नाही. नवी बसवून जोडीत घेतली की सारा मजकूर तिच्यावर उतरतो.

पूर्वी प्रत्येक डिस्कची आधी पार्टिशन्स पाडून, पार्टिशनागणिक वेगळी जोडी बांधण्याची रीत होती. २००८ साली आलेल्या लिनक्सच्या २.६.२८ या कर्नलपासून मात्र अखंड जोडी बांधून मग तिचीच पार्टिशन्स पाडता येतात. एकात आवाज, दुसऱ्यात लिहून काढलेल्या ओव्या, तिसऱ्यात विभागाची कागदपत्रे. एक कप्पा भरला तरी दुसऱ्याची जागा खात नाही आणि डिस्क बदलताना सांभाळायची जोडी एकच.

परंतु मित्रहो, जोडी बांधली म्हणजे जबाबदारी संपली काय? पुसलेली ओवी दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पुण्यात शिरले. असा पूर एका कपाटातल्या दोन प्रतींमध्ये निवड करीत नाही. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच.

हे विज्ञान शाखेचे काम, असे म्हणून आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हात झटकू नयेत. ज्यांच्या घरी ग्रंथ होते, त्यांच्या वाडवडिलांचे शब्द केव्हाच छापून झाले. आमच्या आयाबायांचे शब्द आत्ता कुठे नोंदले जात आहेत. ते आता हरवले, तर दोष निरक्षरतेवर ढकलता येणार नाही.